(+) चं उत्तर ०, (*) चं १, मग (-) चं काय?

शिरोली_नाका

लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कंसात नुसतं अधिकचं चिन्ह टाकलं, म्हणजे (+), तर उत्तर ० येतं. (*) टाकलं तर १ येतं. (-) किंवा (/) टाकलं तर कॉमन लिस्प, स्कीम आणि क्लोजर या लिस्पच्या तिन्ही बोली अडून बसतात आणि किमान एक तरी आकडा मागतात.

मी इथं कोल्हापुरात फौंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करतो आणि रविवारी कॉलेजच्या काही मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. हे दाखवलं की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "पण सर, असं लिहिणार कोण?" दुसरा प्रश्न जास्त चांगला: "गुणाकाराला पण शून्यच का नाही?" दोन्हींवर नीट बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढतोय.

हाताने (+) कोणीच लिहीत नाही हे खरंच आहे. आपल्याकडे आकड्यांची यादी असते आणि ती आपण अप्लाय (सगळे आकडे फंक्शनला एकदम देणारं) किंवा रिड्यूस (एकेक आकडा जोडत जाणारं) वापरून बेरजेच्या हवाली करतो. यादी एखाद्या दिवशी रिकामी निघते आणि त्या दिवशी (+) आपोआप घडतं. क्लोजरमध्ये रिड्यूसला सुरुवातीचा आकडा दिला नाही आणि यादी रिकामी असली, तर ते दिलेलं फंक्शन काहीही न देता चालवतं आणि येईल ते उत्तर परत करतं. कॉमन लिस्पच्या रिड्यूसचाही हाच नियम. (जाता जाता: कॉमन लिस्पचं १९९४ चं मानक एका फंक्शनला ४९ आकडे देता येतील एवढीच हमी देतं. त्यामुळे मोठ्या यादीला अप्लायपेक्षा रिड्यूस बरं.)

आता शून्य की एक, हे ठरवायचं कसं? माझ्या मते कसोटी एकच आहे. यादी कुठंही तोडा, दोन्ही तुकड्यांची उत्तरं वेगवेगळी काढा, ती एकत्र करा. अख्ख्या यादीचं जे उत्तर होतं तेच यायला हवं. १२, ७, ५ ची बेरीज २४. मधे तोडली तर १९ आणि ५, परत २४. शेवटाला तोडली तर एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला रिकामा तुकडा. २४ अधिक काय म्हणजे २४? शून्य. तीच यादी गुणली तर ४२०. ४२० गुणिले काय म्हणजे ४२०? एक. इथं कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही, दुसरा कुठलाही आकडा ठेवला तर तोडणं-जोडणं चुकतं. आणि आजचे प्रोग्रॅम सतत तोडतात. मोठी यादी चार कोअरवर किंवा चार मशिनवर वाटली जाते, आणि गाळणी लावल्यावर एखाद्या वाट्याला काहीच उरत नाही.

अंबाई_टँक

सर, मी तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला सी शिकवलं. तिथं अधिकचं चिन्ह दोन आकड्यांच्या मधेच बसतं, त्यामुळे हा प्रश्न सीमध्ये येतच नाही ना?

शिरोली_नाका

येतो, फक्त दिसत नाही. लूपच्या आधी तू काय लिहितोस? बेरजेला एस बरोबर ०, गुणाकाराला पी बरोबर १. लूप एकदाही फिरला नाही तर तोच आकडा उत्तर म्हणून बाहेर पडतो. सीमध्ये हा निर्णय प्रत्येक प्रोग्रॅमर दर वेळी स्वतः घेतो, लिस्पमध्ये तो भाषेनं एकदाच घेऊन ठेवलाय.

पायथनमध्ये सम हे फंक्शन यादी मागतं. यादीच दिली नाही तर टाइपएरर ही चूक, रिकामी यादी दिली तर ०. गुणाकारासाठी मॅथमधलं प्रॉड ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ साली आलं, आणि रिकाम्या यादीला १ देतं.

उद्यमनगर_हिशेब

मी प्रोग्रॅमर नाही, फौंड्रीत प्लॅनिंग बघतो आणि माझं सगळं काम एक्सेलवर चालतं. तुमची ही चर्चा आमच्या रोजच्या कामाला थेट लागते म्हणून लिहितोय.

गिऱ्हाइकाला ५०० नग हवे असतील तर कास्टिंग किती ओतायची, हे काढायला पुढच्या प्रत्येक टप्प्यात किती टक्के माल टिकतो ते गुणतो. समजा फेटलिंगला (कास्टिंग साफ करण्याला) ९७ टक्के, मशिनिंगला ९५ टक्के. ०.९७ गुणिले ०.९५ म्हणजे ०.९२१५. ५०० ला त्याने भागलं की ५४२.६, म्हणजे ५४३ कास्टिंग ओतायच्या.

आता एखादं गिऱ्हाईक कच्चं कास्टिंगच उचलतं. आमच्याकडे पुढचा टप्पाच नाही, त्या ओळीतल्या टक्केवारीच्या सगळ्या पेट्या रिकाम्या. धागाकर्ते म्हणतात तसं उत्तर १ यायला हवं, म्हणजे ५०० पाहिजेत तर ५०० ओता. पण एक्सेलचं प्रॉडक्ट रिकाम्या पेट्यांना ० देतं. पुढे ५०० भागिले ० होतं आणि पेटीत शून्याने भागल्याची चूक उमटते. म्हणून आता मी प्रत्येक सूत्रात प्रॉडक्टच्या कंसात आधी १ लिहितो, मग स्वल्पविराम आणि मग पेट्यांची रेंज. टप्पे असले तर त्या एकनं काही बिघडत नाही, नसले तर १ येतो. हे का चालतं ते आज कळलं.

शिरोली_नाका

अगदी हेच म्हणायचं होतं. तुम्ही सूत्रात ठेवलेला तो १ म्हणजेच लिस्पचं (*). यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नव्हतं, रविवारी मुलांना हेच सांगेन.

भोगावती_काठ

मी दूध संस्थांची बिलं काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. आमच्याकडे हा विषय एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या, वाटेनं येतो.

एसक्यूएलमध्ये एकही ओळ सापडली नाही तर काउंट ० देतं, पण सम, म्हणजे बेरीज, नल (किंमतच नाही अशी खूण) देतं. हे मानकातच आहे. आता दहा दिवसांचं बिल घ्या. उत्पादकाचे दुधाचे ४,८६० रुपये झाले, त्यातून पशुखाद्य आणि उचल यांची कपात वजा करायची. एखाद्यानं खाद्य घेतलं नाही, उचलही नाही, तर कपातीच्या टेबलात त्याच्या नावाची ओळच नाही. समचं उत्तर नल, आणि ४,८६० वजा नल म्हणजे पुन्हा नल. ज्याच्या अंगावर एक पैसा देणं नाही, त्याच्याच बिलात निव्वळ रक्कम कोरी! कोअलेस लावून नलच्या जागी ० घ्यावाच लागतो, आणि तो प्रत्येक बेरजेला आठवणीनं लावावा लागतो. बेरजेच्या बाबतीत मला लिस्पचा निर्णय शंभर टक्के पटतो.

सरासरीचं मात्र वेगळं आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात रस्ते पाण्याखाली गेले आणि कितीतरी गावांचं संकलन थांबलं. त्या पाळीचं दूध किती? शून्य किलो, आणि हे उत्तर खरं आहे. त्या पाळीचा सरासरी फॅट किती? इथं शून्य लिहिलं तर ते साफ खोटं. एका पाळीला ६.५ आणि दुसरीला ०, दोन्हींची सरासरी ३.२५. म्हशीच्या दुधाला असा फॅट लावला तर दरपत्रकात त्या फॅटचा रकानाच सापडणार नाही. एसक्यूएलचं सरासरीचं फंक्शन अशा वेळी नल देतं आणि ते मला योग्य वाटतं. माझा प्रश्न असा, की सरासरीला रिकाम्याचं उत्तरच नसेल, तर तोडणं-जोडणं करायचं कसं?

गणित_मॅडम

ताई, प्रश्न फार नेमका विचारलात. सरासऱ्या एकमेकींत मिळवता येत नाहीत, तिथंच खरी अडचण आहे. एका गावचं १०० किलो दूध, फॅट ६.५. दुसऱ्या गावचं ३०० किलो, फॅट ६.१. सरासऱ्यांची सरासरी ६.३ येते आणि ती चूक आहे.

म्हणून सरासरी बरोबर वागवायचीच नाही. प्रत्येक गावासाठी दोन आकड्यांची जोडी ठेवायची: फॅटचे किलो आणि दुधाचे किलो. पहिल्या गावची जोडी ६.५ आणि १००, दुसऱ्याची १८.३ आणि ३००. जोड्या मिळवल्या की २४.८ आणि ४००. भागाकार अगदी शेवटी, एकदाच: ६.२ टक्के. पुरात अडकलेल्या गावाची जोडी ० आणि ०. ती कुठल्याही जोडीत मिळवा, फरक पडत नाही. जोडीला रिकाम्याचं उत्तर आहे, सरासरीला नाही. शेवटी हातात ० आणि ० च उरलं तर भागाकार करायचाच नाही, रकाना कोरा ठेवायचा.

गुणाकाराबद्दलही एक सांगते, कारण वर्गात मुलं इथंच अडतात. ६० चे मूळ अवयव २, २, ३, ५. यादीतून ५ काढला की गुणाकाराला ५ ने भाग जातो, राहिले १२. ३ काढला, राहिले ४. २ काढला, राहिले २. आता शेवटचा २ काढा. यादी रिकामी झाली आणि गुणाकार २ भागिले २, म्हणजे १. मधेच शून्य कुठून येणार? शून्य क्रमगुणित १ आणि कुठल्याही संख्येचा शून्यावा घात १, हे दोन्ही त्याच घरातले नियम.

मसाविचंही तसंच. पायथनच्या ३.९ पासून मसावि काढणाऱ्या फंक्शनला काहीच दिलं नाही तर ० येतं आणि लसाविला १. मुलांना मसाविचं ० विचित्र वाटतं. पण ० आणि १८ चा मसावि १८, कारण ० ला प्रत्येक संख्येनं भाग जातो. म्हणजे मसाविच्या बाबतीत ० मिळवून काही बदलत नाही. कसोटीला उतरलं की उत्तर तेच.

वाय_पी_पवारनगर

भावा, तुमचं गणित बरोबर असेल, पण मी क्वालिटीत आहे आणि मला ह्यात धोका दिसतोय. पायथनमध्ये ऑल म्हणून फंक्शन आहे. रिकामी यादी दिली तर खरं म्हणतंय. आता कास्टिंगच्या तपासण्या बघा. कडकपणा, मापं, पृष्ठभाग. 'सगळ्या तपासण्या पास असतील तर डिस्पॅचला सोडा' असा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या लॉटची एक पण तपासणी कुणी नोंदवलेली नसली, तर तो माल चलन होऊन गेटच्या बाहेर! म्हणून मी म्हणतो, काहीच दिलं नाही तर बेरीज असो नाहीतर गुणाकार, सरळ चूक दाखवावी. गप्प बसून उत्तर देऊ नये.

शिरोली_नाका

तुमची काळजी मला पूर्ण मान्य आहे. गेटवरून तपासणीशिवाय माल जाणं ही साधी गोष्ट नव्हे. पण ऑलचं उत्तर बदलून ती थांबणार नाही. समजा रिकाम्याला खोटं म्हणायचं ठरवलं. आता तपासण्या दोन गटांत विभागल्या, मापं एकीकडे आणि धातूच्या तपासण्या दुसरीकडे. एखाद्या जॉबला धातूची तपासणी लागतच नाही. तो गट रिकामा, म्हणून खोटं, म्हणून सगळ्या मापांत पास झालेला माल अडकून पडेल. चूक दाखवायची ठरवली तरी प्रोग्रॅम तिथंच बंद पडेल.

तुमचे प्रश्न मुळात दोन आहेत. ज्या तपासण्या व्हायला हव्या होत्या त्या सगळ्या नोंदल्या गेल्या का? आणि नोंदल्या त्या सगळ्या पास आहेत का? ऑल दुसऱ्याचं उत्तर देतं. पहिल्यासाठी कंट्रोल प्लॅनमधली यादी आणि नोंदींची यादी समोरासमोर ठेवून बघावं लागतं. तुमच्या फौंड्रीत हाताने फाइल तपासताना तुम्ही हेच करत असणार.

वाय_पी_पवारनगर

व्हय, प्लॅन समोर ठेवूनच बघतो. तीनऐवजी दोनच तपासण्या झालेल्या असल्या तरी ऑल खरंच म्हणणार, हे आता ध्यानात आलं. म्हणजे अडचण रिकाम्या यादीपुरती नाहीच. अर्धवट यादीत पण तीच आहे. हे पटलं.

राजाराम_बंधारा

कमाल-किमानबद्दल कोणी लिहिलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये मॅथ.मॅक्सला काहीच दिलं नाही तर उणे अनंत येतं आणि मॅथ.मिनला अधिक अनंत. कमाल किमानपेक्षा लहान! पहिल्यांदा बघणाऱ्याला हा बग वाटतो, पण वरच्याच कसोटीनं ते बरोबर आहे. ४१ आणि कशाची कमाल काढली तर ४१ च राहते, आणि हे ४१ च्या जागी कुठलाही आकडा ठेवला तरी खरं ठरायला हवं? उणे अनंत. एपीएल तर हे फार पूर्वीपासून करते. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली मांडलेल्या चिन्हपद्धतीतून ती भाषा आली (आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं तेच वर्ष). डायलॉग एपीएलमध्ये रिकाम्या यादीची कमाल काढा, मशिनला मांडता येणारी सगळ्यात लहान संख्या येते.

पण हे उत्तर हिशेबाच्या आतल्या टप्प्यापर्यंतच ठेवावं. पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दिवसभराची कमाल पातळी दाखवणाऱ्या पाटीवर, नोंदच आली नसेल तर काय यावं? उणे अनंत बघून कोणाला काही कळणार नाही. एक्सेल अशा वेळी ० देतं आणि ते जास्त वाईट, कारण ० फूट हा खरा आकडा वाटतो आणि ४३ पेक्षा कमी म्हणून पाटी हिरवी राहते. किमानाला तर ० बहुतेक वेळा चुकतंच. ताईंच्या दूध संस्थेत कोऱ्या पाळीचा किमान फॅट ० दिसेल.

म्हणून मला जावा आणि रस्टची पद्धत आवडते. तिथं पूर्णांकांच्या रिकाम्या प्रवाहाची बेरीज सरळ ० मिळते, पण कमाल मागितली की 'असेल किंवा नसेल' अशा वेष्टनात मिळते. वेष्टन उघडताना नसेल तर काय करायचं याचा विचार करावा लागतो. पायथन व्हॅल्यूएरर देतं, पण ३.४ पासून आपला पर्यायी आकडा आधीच सांगून ठेवता येतो.

अंबाई_टँक

मग वजाबाकी? शीर्षकातला प्रश्न तसाच राहिला. x वजा ० म्हणजे x, म्हणजे (-) चं उत्तर ० का नको?

गणित_मॅडम

उजवीकडून ० चालतो, पण डावीकडून चालत नाही. ० वजा ५ म्हणजे उणे ५. शिवाय वजाबाकीची यादी कुठंही तोडताच येत नाही. १० वजा ४ वजा ३ म्हणजे ३. पण १० एकीकडे आणि ४ वजा ३ दुसरीकडे केलं तर १० वजा १, म्हणजे ९. कसोटीच लागू होत नाही, म्हणून अडून बसणाऱ्या भाषा बरोबर वागतात असं मला वाटतं. भागाकाराचंही हेच.

शिरोली_नाका

त्यात लिस्पची एक खोच आहे. (- ५) म्हणजे उणे ५ आणि (/ ५) म्हणजे एक पंचमांश. एकच आकडा दिला की अर्थ बदलतो. (+ ५) चं उत्तर ५ च, कारण ते ० अधिक ५ आहे. वजाबाकीत एका आकड्याचा वेगळा अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे शून्य आकड्यांना अर्थ लावायला नैसर्गिक जागा उरत नाही. तरी ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये (-) ला ० मिळतं. एपीएलमध्येही रिकाम्या यादीवर वजाबाकी फिरवली तर ० आणि भागाकार फिरवला तर १. पण एपीएल यादी उजवीकडून मिटवत येते, म्हणून तिला उजवीकडचा ० पुरतो. तिच्या नियमात ते बसतं. ईमॅक्सचं ० मला सोयीखातर दिलेलं वाटतं आणि मी त्याच्या भरवशावर कोड लिहिणार नाही.

राजाराम_बंधारा

बेरजेच्या शून्यातही एक बारकावा आहे. संगणकातल्या दशांश संख्यांना, म्हणजे आयट्रिपलई ७५४ या १९८५ च्या मानकाप्रमाणे, अधिक शून्य आणि उणे शून्य असे दोन शून्य असतात. नेहमीच्या पूर्णांकन पद्धतीत उणे शून्य अधिक, अधिक शून्य म्हणजे अधिक शून्य. म्हणजे यादीत फक्त उणे शून्य असेल आणि आपण अधिक शून्यापासून सुरुवात केली, तर चिन्ह बदलतं. कसोटीला पूर्ण उतरतो तो उणे शून्य. म्हणूनच जावास्क्रिप्टमधलं नवं अचूक बेरजेचं फंक्शन रिकाम्या यादीला उणे शून्य देतं. बिलात याचा फरक पडणार नाही, पण हा निर्णय घेताना कोणीतरी एवढा खोल विचार केला याचं मला फार अप्रूप वाटलं.

अंबाई_टँक

शेवटचं एक विचारतो. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या ॲरेवर रिड्यूस चालवलं, बेरजेचंच फंक्शन दिलं, तरी टाइपएरर आली. बेरीज आहे हे त्याला कळायला नको का?

शिरोली_नाका

त्याला कळणं शक्य नाही. तू दिलेलं फंक्शन 'ए आणि बी घे, ए अधिक बी दे' एवढंच आहे. त्यात बेरीज आहे की शब्द जोडणं, हे रिड्यूसला बाहेरून दिसत नाही. आणि जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह दोन्हीला चालतं, मग रिकाम्याचं उत्तर ० द्यायचं की कोरी ओळ? क्लोजर ती जबाबदारी फंक्शनवर टाकतं, 'काही न देता तूच सांग' म्हणतं. हास्केल ती टाइपवर टाकतं, म्हणजे प्रत्येक प्रकाराचा तटस्थ घटक (जो मिळवून काही बदलत नाही तो) त्या प्रकारासोबतच लिहिलेला असतो. ज्युलियाही टाइप बघते: दशांश संख्यांच्या रिकाम्या यादीला ०.० देते, पण कसल्या गोष्टींची यादी आहे हेच ठरलेलं नसेल तर चूक दाखवते. जावास्क्रिप्टमध्ये ते तुझ्यावर आहे. फंक्शननंतर स्वल्पविराम देऊन ० लिही, आणि शब्द जोडत असशील तर रिकामं अवतरणचिन्ह. गुणाकार असेल तर १.